जावयाच्या हातची हिरवी भाजी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना हे माहीत आहे आणि उरलेल्यांना खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू सांगणारच आहेत. काकूंनी सांगितलं तर त्यात मी आणखी मूर्ख दिसेन. त्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या आधी, थंड होतोय.

तर मला स्वयंपाकातल्या दोन गोष्टी येतात. एक, चहा करणं. दुसरी, तोच चहा परत गरम करणं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, यावर आमचं व्यवस्थित भागलं. भागणारच, कारण बाकीचं सगळं मीना करते. मीना म्हणजे माझी बायको.

पण यंदा थंडीत झालं असं, की माझे सासरे चक्कर येऊन पडले. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा गंगापूरच्या पुढं एका खेड्यात राहतात. सासूबाई गेल्यापासून एकटेच. जेवणाचं म्हणाल तर सकाळी चहा-खारी, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री गूळ-शेंगदाणे. लागोपाठ तीन वर्षं हेच. तपासलं तर साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला.

मीना त्यांना आण्णा म्हणते. ती तडक जाऊन त्यांना घेऊन आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की पालेभाज्या खा, वेळेवर खा, आणि निदान काही महिने कुणाच्या तरी नजरेखाली राहा.

मामांनी गोळ्या मान्य केल्या. पालेभाज्या मान्य केल्या. नजरेखाली राहणं काही मान्य केलं नाही.

"लेकीच्या घरी किती दिस ऱ्हावं मानसानं?" ते म्हणाले. "शनिवारच्या एस्टीनं मी निगालो."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मीनाला ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला जावं लागलं. जाताना दारात उभी राहून मला म्हणाली, "अहो, आण्णांना नीट जेवायला घाला. इथलं जेवण अंगी लागलं तर राहतील. नाहीतर तिकडं जाऊन परत तेच गूळ-शेंगदाणे, आणि परत कधी पडले तर उचलायला पण कुणी नाही."

हे म्हणताना तिचा आवाज बदलला. मग मी तिला जे वचन दिलं, ते शुद्धीत असलेल्या माणसानं द्यायला नको होतं. मी म्हणालो, "तू बिनघोर जा. त्यांना मी स्वतःच्या हातानं पालेभाजी करून घालतो. शनिवारची एस्टी मोकळीच जाणार."

मामांबद्दल मला काय वाटतं ते सरळच सांगतो. मला फार आवडतो हा माणूस. एकवीस वर्षं मी त्यांच्या घरी जावई म्हणून लाड करून घेतलेत. मी पाटावर बसल्याशिवाय मामा बसायचे नाहीत. मी "नको" म्हटलं की ताटात आणखी एक पोळी पडायची. "जावयाच्या नको म्हनन्याला किंमत नस्ती," असं म्हणायचे. आता फेडायची वेळ माझी होती.

गुरुवारी सकाळी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. 'झटपट, पौष्टिक हिरवी करी, पंधरा मिनिटांत.' मेथी, थोडा पालक, मुगाची डाळ, लसूण, हिरवी मिरची, तेल नावाला. त्यातल्या बाई इतक्या हसतमुखानं करत होत्या की मला वाटलं, यात अवघड ते काय? घरात डाळ होती, पालक होता. मेथी तेवढी आणायची होती.

स्कूटर काढली तर फाटकाशी देशपांडे काकू. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, पण नेम चुकत नाही. आमच्या गल्लीत रोज सकाळी एक तांबडी गाय येते, तिला काकू स्वतःच्या हातानं चारा घालतात.

"संदीप, चौकात चालला आहेस ना? मग गाईसाठी लसूणघासाची एक पेंढी आणशील? ही घे पिशवी."

लसूणघास तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडं देवळाबाहेर बायका पेंढ्या मांडून बसतात, लोक घेतात आणि गाईला घालतात. हिरवागार असतो. बारीक पानं, तीन-तीनच्या पुंजक्यानं. आता डोळे मिटा आणि मेथी आठवा. हिरवीगार. बारीक पानं. तीन-तीनच्या पुंजक्यानं. समजलं ना मी कुठं चाललोय ते? मला मात्र त्या दिवशी समजलं नाही.

काकूंची पिशवी आणि आमची पिशवी एकाच साडीच्या दुकानातली, एकाच रंगाची. मी काही अगदीच बावळट नाही. मी कंपनीत बाहेरून आलेला माल तपासून घेण्याच्या खात्यात आहे. म्हणून मी पद्धतशीर काम केलं. चाऱ्याची पिशवी हँडलच्या उजव्या बाजूला लटकवली, मेथीची डाव्या. आणि मनाशी घोकत आलो, गाय उजवीकडं, मामा डावीकडं. गाय उजवीकडं, मामा डावीकडं.

भाजीवाला मागून ओरडत होता, "साब, दो गड्डी ले लो, एकदम ताजा है, बीस में दे दूंगा." मी एकच घेतली. त्याची मेथी खरंच सुरेख होती. हे नंतर गाईनंही कबूल केलं.

फाटकाशी आलो तर गाय आधीच हजर. स्कूटर लावली, उतरलो, पुढून वळसा घालून हँडलसमोर उभा राहिलो आणि उजव्या हाताची पिशवी काढली. स्कूटरवर बसलेल्याची उजवी बाजू स्कूटरसमोर उभं राहिलेल्याची डावी होते, हे चौथीतल्या पोराला कळतं. मला त्या वेळी कळलं नाही, कारण मी घोकत होतो.

"काकू, तुम्ही पायऱ्या उतरू नका, गुडघे दुखतील. मीच घालतो गाईला." बघा, वर चांगुलपणा पण माझाच.

काकूंनी पायऱ्यांवरूनच हात जोडले, डोळे मिटले. गाईनं पहिलं तोंड लावलं आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मग अशी तुटून पडली की पेंढीचा दोरासुद्धा शिल्लक ठेवला नाही. खाली सांडलेलं एक-एक पान टिपून खाल्लं.

"आज गाय फारच प्रसन्न आहे हो," काकू म्हणाल्या.

"श्रद्धेनं घातलं की असं होतं काकू," मी म्हणालो.

वर आलो आणि दुसरी जुडी निवडायला बसलो. मेथी जरा दांडगी वाटली. देठ चिवट. वास घेतला तर मेथीचा वासच नाही. मला वाटलं, सर्दीनं नाक गेलं असणार. एका काडीला छोटं जांभळं फूल होतं. मेथीला असं जांभळं फूल येतं का, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मी ते फूल खुडून देवापुढं ठेवलं.

तेवढ्यात मामा बाल्कनीतून आत आले. माझ्यापुढचा ढीग बघितला. बराच वेळ बघितला.

"पाव्हनं, हे कशापाय आनलं?"

"भाजीला, मामा."

"भाजीला?"

"हो. डॉक्टरांनी सांगितलंय ना, पालेभाजी."

"आन खानार कोन?"

"आपणच की. तुम्ही आणि मी."

मामा काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी एक काडी उचलली, पानं चुरगाळली, हुंगली आणि परत ठेवली. "बरं," म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले. मला वाटलं, जावई भाजी निवडतोय हे बघून गहिवरले.

पंधरा मिनिटांची भाजी मी दीड तासात केली. डाळ शिजवली, लसूण ठेचला, मिरचीची फोडणी दिली, पालक घातला, 'मेथी' घातली. शिजता शिजेना. मग मिक्सरमधून काढायला गेलो तर मिक्सर घर्र करून बंद पडला. झाकण उघडून बघतो तर पात्याला दोरे गुंडाळलेले, शिवणयंत्रात अडकतात तसे. मी ते पिठाच्या चाळणीतून गाळलं. व्हिडिओतल्या बाई फायबर, फायबर म्हणत होत्या, ते फायबर हेच अशी माझी खात्री पटली.

पण रंग! असा हिरवा रंग मी आजवर ताटात बघितला नव्हता. वर शेंगदाण्याचा कूट, लिंबू पिळलं. चव घेतली तर कडूपणा अजिबात नाही. मेथी आणि कडू नाही, याचं श्रेय मी माझ्या हाताला दिलं.

फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. 'आण्णांसाठी, माझ्या हातची.' अंगठे, हार्ट, टाळ्या, सगळं आलं. माझी मेहुणी सुरेखा बिडकीनला असते. तिचा लगेच फोन.

"दाजी, कशी केली सांगा की, मी पण आजच करते."

मी कृती सांगितली. दुपारी परत तिचा फोन. "दाजी, तुमच्यासारखा रंग नाही आला. आणि जरा कडू लागते."

"हात हलका ठेवायचा असतो सुरेखा," मी सांगितलं. "पहिल्यांदा जमत नाही सगळ्यांना."

हे वाक्य आठवलं की मी आजही उशीत तोंड घालतो.

पोळी-भाकरी केंद्रातून ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या. मामांचं ताट वाढलं. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात टाकला आणि थांबले. खिडकीबाहेर बघितलं. गिळलं. पाणी प्यायले.

"कशी झालीय मामा?"

"तुमच्याच हातची का?"

"पूर्ण माझ्या हातची."

"मीनाला दावली का?"

"फोटो पाठवलाय. आल्यावर परत करून घालणार आहे तिला."

"नगा," मामा घाईनं म्हणाले. "तिला नगा घालू. आपल्या दोघातच ऱ्हाऊ द्या ही."

मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. मी आणखी दोन पळ्या वाढल्या. मामा म्हणाले, "नगं." मी म्हणालो, "मामा, मी तुमच्या घरी नको म्हणायचो तेव्हा तुम्ही ऐकलंत का कधी?" त्यांनी संपवली. रात्री उरलेली परत वाढली, तीही संपवली. मी पण खाल्ली. काकूंची एक वाटी आमच्याकडं आलेली होती आणि रिकामी वाटी परत द्यायची पद्धत नाही, म्हणून काकूंनाही भरून दिली.

रात्री मीनाला फोन केला. "आण्णांनी तीनदा घेतली भाजी," मी सांगितलं. तिनं पलीकडं नाक ओढलं. सुखानं झोपलो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून काकूंची हाक. आवाज रडवेला. धावत गेलो. काकू पायऱ्या उतरून फाटकाशी उभ्या, हातात आज नव्यानं मागवलेली चाऱ्याची पेंढी, समोर गाय. आणि गाय तोंड फिरवून उभी.

"संदीप, बघ रे, ही खातच नाही. दहा वर्षं घालते आहे मी, असं कधी झालं नाही. माझ्या हातून काही चुकलं का रे?"

काकूंनी पेंढी पुढं केली. गाईनं हुंगली, मान झटकली, आणि मला बघून सरळ माझ्याकडं आली. माझ्या हाताला, खिशाला नाक लावून शोधायला लागली. मी दचकून मागं सरकलो आणि माझी नजर काकूंच्या हातातल्या पेंढीवर गेली.

बारीक पानं. चिवट देठ. आणि वर जांभळी फुलं, देवापुढं होतं तसलीच.

"काकू," मी म्हणालो, "ही काय आहे?"

"काय आहे म्हणजे? लसूणघास. काल तूच नाही का आणलास असलाच?"

मला मिक्सरच्या पात्याचे दोरे आठवले.

गप्प बसता आलं असतं मला. मनात आलं पण होतं. पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. दहा वर्षांचा नेम मोडला या कल्पनेनं ती बाई खचली होती, आणि तिचा दोष काय? मग सांगून टाकलं. सगळं. उजवं, डावं, पिशव्या, मिक्सर.

काकूंनी पेंढी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मेथी गाईनं खाल्ली."

"हो."

"आणि काल संध्याकाळी माझ्या वाटीत..."

"हो काकू."

काकू पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता चक्कर येते. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या अशा हसल्या की वरच्या मजल्यावरचे लोक बाल्कनीत आले. "मी म्हटलंसुद्धा मनाशी," डोळे पुसत म्हणाल्या, "पोरानं भाजी बरी केली आहे, फक्त जरा गोठ्याची आठवण येते. पण काय रे, आता ते पुण्य कोणाला लागणार? मला की तुला?"

"गाईला लागलं बहुतेक," मी म्हणालो.

पण माझं खरं संकट वरती बसलेलं होतं. ज्या माणसाला मी वचन देऊन नीट जेवायला घालणार होतो, त्याला मी दोन वेळा चारा घातला होता. तोही आग्रह करून. आज संध्याकाळी मीना येणार, उद्या शनिवारी सकाळी गंगापूरची एस्टी, आणि मामांनी आपली कापडी पिशवी भरून दाराशी ठेवलेली मी बघितलीच होती. आता हे कळल्यावर कशाला थांबतील? एकेक पायरी मोजत वर चढलो, खोटं नाही सांगत.

मामा बाल्कनीत ऊन खात बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मामा, माझी चूक झाली. कालची ती मेथी नव्हती."

"म्हाईत हाय."

"तो लसूणघास होता. गाईचा."

"म्हाईत हाय म्हनलो ना. सारी हयात घास कापन्यात गेली माझी. तुमी निवडीत बसलावता तवाच वळखला."

मला कळेना हसावं का रडावं. "मग बोलला काहून नाहीत? खाल्लात कशाला?"

मामांनी जरा विचार केला. "पयलं तर वाटलं, डाक्टरनंच सांगितलं असंल. ह्या शेहरात काय काय खात्यात, मला काय कळतंय? मीना परवा कसल्या गवताचा रस पीत व्हती. आन दुसरं आसं, की जावयानं बायकूच्या बापासाठी चुलीम्होरं हुबं ऱ्हायचं, घाम गाळायचा, हे आमच्या खानदानीत कुनी बघितलं नाय. तुमी यवढ्या मायेनं वाढीत व्हता. नाव ठिवायला जीभ उचलंना माझी. मंग गिळला."

त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. एकवीस वर्षांत त्या माणसानं मला कधी दुखावलं नाही, आणि त्या दिवशी तर मला दुखवायला नको म्हणून त्यानं चारा खाल्ला. तीनदा घेऊन.

"मी सोडतो तुम्हाला उद्या स्टँडवर," शेवटी मी म्हणालो. "थांबा म्हणायला तोंड नाही मला."

"कुटं सोडता?"

"एस्टीला. शनिवार आहे ना उद्या."

"मी नाय जानार," मामा म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"रातभर इचार केला मी," ते म्हणाले. "मी गेलो तर माजी पोरगी ह्या घरात तुमच्या हवाली. उद्या ती आजारी पडली, तर तुमी तिच्या म्होरं कडबा ठिवशाल. मला तिकडं झोप यायची नाय. उठा आता, पिशवी घ्या. आधी तुमाला मेथी दावतो."

आणि खरंच, त्याच पावली मला घेऊन बाजारात गेले. एकेक जुडी माझ्या नाकाशी धरायची आणि विचारायचं, "वळखा." पालक मी बरोबर सांगितला. शेपू वासानं सुटला. चुक्यापाशी नापास झालो. लोक वळून बघत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मामा हसत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. घरी येऊन त्यांनीच हिरवी भाजी केली, मेथी हातानं मोडून, डाळीत घोटून, लसूण जळू न देता. मिक्सर नाही, काही नाही. खरोखर पंधरा मिनिटांत झाली.

संध्याकाळी मीना आली. बाल्कनीतली मामांची खुर्ची मोकळी बघून आधी घाबरली, मग मामा ओट्यापाशी दिसले. "आण्णा, तुम्ही राहताय?" तिनं विचारलं आणि उत्तर यायच्या आत त्यांच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडं वळली. "अहो, तुमच्या स्वयंपाकानं राहिले हो आण्णा." मी मान डोलावली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आज चार महिने होत आले, मामा इथंच आहेत. साखर उतरतेय, डॉक्टर खूष आहेत. खरी गोष्ट मी मीनाला त्याच रात्री सांगितली, ती अजून हसतेय. सुरेखाला मात्र सांगायचं धाडस होत नव्हतं. 'हात हलका ठेवायचा असतो' असं बोलून बसलो होतो ना.

परवा तिचा मामांना फोन आला. मामांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं अख्ख्या घराला ऐकू गेलं.

"आण्णा, खरं सांगा, दाजी नीट सांभाळतात ना तुम्हाला? जेवायला-खायला बरं घालतात ना?"

मी मामांकडं बघून हात जोडले. मामांनी मान हलवली, जणू म्हणाले, काळजी नगा करू. मग फोनकडं तोंड केलं.

"लई जपत्यात गं बाई," मामा म्हणाले. "मी माझ्या बैलास्नी जे घालीत व्हतो, तेच मला घालत्यात. वरून फोडनी देऊन."